भाडं वाढतं, मदत थांबते

मागच्या बैठकीत घरकुलाचा विषय चालला होता, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "ज्यांना जागाच नाही, जे भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना कुठलं सरकार मदत करतं का हो?" त्यांची लेक शहरात भाड्यानं राहते. म्हणून आज ब्रिटनविषयी बोलू. तिथं कमी कमाईच्या भाडेकरूंना सरकार घरभाड्यासाठी पैसे देतं. पण गेल्या काही वर्षांत नियम बदलत गेले.

खाजगी मालकाच्या घरात राहणाऱ्यांना किती मदत मिळावी, हे तिथं भागाप्रमाणे ठरतं. समजा, एका भागातली दहा घरं स्वस्तापासून महागापर्यंत ओळीनं मांडली. २०११ पूर्वी ओळीच्या मधल्या घराचं भाडं भागेल एवढी मदत मिळायची. २०११ साली सरकारनं काटकसर म्हणून ती तिसऱ्या घरापर्यंत खाली आणली. म्हणजे दहातली तीनच घरं त्या पैशात बसणार, आणि ती तीन रिकामी असली तर! पुढे २०१६ ते २०२० हा आकडा जागचा हलवलाच नाही. कोरोनात, एप्रिल २०२० मध्ये, वाढवला आणि पुन्हा थांबवला, तो थेट एप्रिल २०२४ पर्यंत. मालकांनी भाडं काही थांबवलं नाही. मग वरचा फरक कुठून भरायचा? किराण्याच्या पैशातून. हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

आता बहुतेकांना ही मदत युनिव्हर्सल क्रेडिट नावाच्या एकाच रकमेत मिळते. ती महिन्यातून एकदा, साधारणपणे भाडेकरूच्याच खात्यात येते. पैसा बाईच्या हाती यावा असं आपणही म्हणतोच. पण अर्ज केल्यावर पहिली रक्कम यायला पाच आठवडे लागतात, आणि भाडं तेवढं थांबत नाही. थकबाकीच्या भीतीनं कित्येक मालक सरळ सांगायचे, सरकारी मदतीवरचा भाडेकरू नको. जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या कोर्टानं अशी सरसकट बंदी बेकायदा ठरवली. दाद मागणारी एकटीनं मुलं वाढवणारी आई होती. मदतीवर जगणाऱ्यांत बायका आणि अपंग जास्त, म्हणून ही बंदी त्यांच्यावरच अन्याय करते, हे कोर्टानं मानलं.

घर सुटलं की माणसं कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे जातात. इंग्लंडमध्ये २०१८ पासून असा कायदा आहे की घर जायला ५६ दिवस उरले असतील तेव्हापासूनच कौन्सिलनं मदतीला लागावं. कायदा चांगलाच आहे. पण त्या मदतीच्या पैशात बसणारी घरंच नाहीत, तर कारकून तरी कुठून आणणार? मग कुटुंबाला तात्पुरत्या जागेत ठेवतात. अशी इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त कुटुंबं आहेत. लेकरं असलेल्या घराला लॉजसारख्या जागेत सहा आठवड्यांवर ठेवायचं नाही असा नियम आहे, तोही अनेकदा मोडतो.

या तात्पुरत्या जागांचे पैसे सरकार कौन्सिलला परत देतं खरं, पण कितीतरी वर्षं ते जानेवारी २०११ च्या दराच्या नव्वद टक्केच धरून. उरलेलं कौन्सिलच्या तिजोरीतून. म्हणजे सरकारनं एका खिशात वाचवलेलं दुसऱ्या खिशातून गेलं, आणि मधल्या मधे पोरांची शाळा सुटली ती वेगळीच.

आपल्याकडे घरकुलाचंही पाहा. केंद्राच्या योजनेत सपाट भागासाठी २०१६ साली १ लाख २० हजार ठरले आणि वर्षानुवर्षं तेवढेच राहिले. वाळू, सिमेंट आणि सळईचे भाव तुम्हीच सांगा.

आणि त्या ताईंना एक निरोप. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. लेकीला फोन करून करार झालाय का ते विचारा. ज्यांची मुलं शहरात भाड्यानं आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला कराराची झेरॉक्स घेऊन या, आपण मिळून वाचू.