कळफलकाची पारख

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानास उभा राहिला की बोलणे बोनसचे किंवा संपाचे असणार, असे श्रोते धरून चालतात. आम्ही आज बोलणार आहोत ते संगणकाच्या कळफलकाविषयी, म्हणजे ज्यास आपण सारे कीबोर्ड म्हणतो त्याविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. पण तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातील एका मेहताजींच्या पगारातून दरमहा अडीच हजार रुपये कापले जाऊ लागले ते ह्या पाटीवरील एका कळीमुळे, आणि म्हणून आम्हांस ह्या विषयाच्या मुळाशी जावे लागले.

घडले ते असे. गाळ्यावर माल विकला गेला की शेतकऱ्याच्या नावे हिशेबपट्टी निघते. विक्रीच्या रकमेतून मोटारभाडे, हमाली, तोलाई वजा करून उरलेले पैसे त्याच्या खात्यावर जातात. पूर्वी हे काम वहीत चाले, आता संगणकावर चालते. मोटारभाडे ११,५०० लिहिण्यासाठी मेहताजींनी एकची कळ दोनदा दाबली. यंत्राने ती एकदाच घेतली. पट्टीवर १,५०० उमटले आणि दहा हजार रुपये जादा गेले. "नजर कुठे होती तुमची?" असे शेठजींनी विचारले. नजर जिथे असायला हवी तिथेच होती, समोरच्या कागदावर. सकाळच्या गर्दीत पट्ट्यांचा ढीग उपसणारा माणूस आकडा वाचतो तो कागदावरचा, आणि तो उमटला की नाही ह्याची साक्ष घेतो ती बोटाकडून. बोट म्हणाले, उमटला. बोटाची फसवणूक झाली होती.

ती कशी होते हे पाहावे म्हणून आम्ही एक टाकून दिलेला कळफलक उघडला. आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे निघाले. वरच्या व खालच्या पापुद्र्यांवर वीज वाहून नेणाऱ्या रेषा छापलेल्या, मधल्यास जागोजाग भोके. त्यांच्यावर प्रत्येक कळीखाली रबराची एकेक इवलीशी घुमटी. कळ दाबली की घुमटी खचते, वरचा पापुद्रा भोकातून खालच्यास टेकतो, वीज वाहते आणि अक्षर उमटते. युक्ती स्वस्त आहे आणि हुशारीचीही आहे. तीन-चारशे रुपयांत पाटी मिळते ती तिच्यामुळेच. पण खोट येथेच आहे. बोटास जो हलकासा झटका जाणवतो तो घुमटी खचण्याचा. पापुद्रे एकमेकांस टेकतात ते त्यानंतर, अगदी तळाशी. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर पावती आधी हातात पडते आणि माल मागाहून पोचतो. पाटी नवी असताना हे अंतर ध्यानात येत नाही. रबर थकले, आत धूळ बसली, की पावती मिळते आणि माल पोचतच नाही. शिवाय थकलेली घुमटी कळीस झटकन वर उचलीत नाही, म्हणून घाईने दोनदा दाबलेली कळ यंत्रास एकदाच दाबल्यासारखी वाटते. मेहताजींचा एक गेला तो असा.

आमच्या पिढीने हात बसविला तो लोखंडी टंकलेखन यंत्रावर. खाडीपलीकडे विक्रोळीस गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र काढले होते. त्या जातीच्या यंत्रावर आम्ही रात्रीच्या वर्गात टंकलेखन शिकलो, तेही नोकरीसाठी नव्हे, युनियनची पत्रके काढण्यासाठी. करंगळी ठणकत असे हे खरे. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. पण कळ दाबली की दांडा उठे, फितीवर आदळे, आणि अक्षर कागदावर पडे. बोट आणि अक्षर ह्यांच्या मध्ये दलाल नव्हता. यंत्र रागीट होते, लबाड नव्हते.

संगणकाच्या काळातही हा प्रामाणिकपणा राखता येतो, हे आम्हांस पुढे कळले. आय.बी.एम. कंपनीने १९८५ च्या सुमारास 'मॉडेल एम' नावाचा कळफलक काढला. त्यात प्रत्येक कळीखाली एक तारेची स्प्रिंग असे. ठरावीक खोलीस ती एकदम वाकून बाजूस झुके, टिक् असा आवाज होई, आणि त्याच क्षणी अक्षराची नोंद होई. झटका, आवाज आणि अक्षर, तिन्ही एका वेळी. आज बाजारात 'मेकॅनिकल' म्हणून जे कळफलक मिळतात त्यांत रबराऐवजी प्रत्येक कळीस आपली स्वतंत्र स्प्रिंग आणि धातूची जोडणी असते. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या नमुन्यात कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. तळापर्यंत बोट आपटावे लागत नाही. निळ्या खुणेची कळ टिकटिकते, तपकिरी नुसता हलका अडथळा देते, लाल मुकाट खाली जाते. बँकेत निळी घेतली तर शेजारचा माणूस तक्रार करील. आमच्या बाजारात लिलावाच्या आरोळ्यांपुढे ती ऐकू यावयाची नाही!

दाब किती असावा, हा प्रश्न आम्हांस फार जवळचा वाटतो. गोणीचे वजन किती असावे ह्यावर माथाडींनी वर्षानुवर्षे भांडण केले. बोटावरचे वजन मात्र कोणी मोजीत नाही. ते मोजणे सोपे आहे. दहा रुपयांचे नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते. कळीवर एकेक नाणे रचीत जावे. सहा नाण्यांनी अक्षर उमटले तर दाब ४६ ग्रॅमच्या आसपास समजावा. लाल खुणेच्या कळीस सुमारे ४५ ग्रॅम लागतात, काळीस सुमारे ६०. दिवसात दहा हजार वेळा कळ दाबणाऱ्याच्या बोटांवर पहिल्या कळीने साडेचारशे किलोचे ओझे पडते, दुसरीने सहाशेचे. मराठीत दाबायची ती कळ आणि दुखते तीही कळच. मात्र हलकी तेवढी चांगली असेही नव्हे. ज्याचे बोट जड आहे त्याच्या हातून हलकी कळ नुसत्या स्पर्शाने दाबली जाते आणि चुका वाढतात.

म्हणून दुकानात दोन ओळी टंकून पसंती देऊ नये. आपलाच एखादा कागद बरोबर न्यावा, नजर त्याच्यावर ठेवून पंधरा मिनिटे टंकावे आणि मग पडद्यावर काय उमटले ते पाहावे. आकड्यांचे काम असेल तर उजवीकडील आकड्यांचा चौक असलेलीच पाटी घ्यावी; हल्ली सुबक दिसावे म्हणून तो कापून टाकतात. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती उंचीची. आमच्या गाळ्यांत कळफलक बहुधा उंच टेबलावर, कधी तर जुन्या वह्यांच्या चळतीवर असतो. कोपर खाली, मनगट वर मोडलेले, अशा स्थितीत उत्तम कळफलकही छळच करील. पाटी कोपराच्या पातळीस असावी आणि तिचे मागचे पाय मिटलेले असावेत. मसाल्याच्या बाजारात मिरची-हळदीची पूड सर्वत्र शिरते; तिच्यापुढे कोणतीच कळ अजिंक्य नाही. संध्याकाळी पाटी पालथी करून झटकावी आणि फडक्याने झाकावी.

एवढे समजून घेऊन आम्ही गाळ्यावर गेलो. मेहताजींची पाटी शेठजींच्याच पुढ्यात ठेवली आणि म्हणालो, "शेठजी, डोळे कागदावर ठेवा आणि अकरा हा आकडा पन्नास वेळा टंका." त्यांनी हसत हसत टंकले. पडद्यावर चार ठिकाणी अकराचा एकच झाला होता. शेठजींनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली, मग पुन्हा टंकले. ह्या वेळी तीन. पगारातली कपात त्या महिन्यापासून थांबली, आणि दोन हजारांच्या आसपासचा नवा कळफलकही आला. तो मेहताजींनी स्वतः हाताळून निवडला. आधी कापलेले पाच हजार रुपये मात्र अद्याप परत आलेले नाहीत. त्यासाठी आमचे तिसरे पत्र गेले आहे.