उन्हाळ्याआधी हिरवळीची मशागत

थंडी सरताना पुणे, नाशिक, नागपूर या भागांतल्या घरांपुढची हिरवळ पिवळट-तपकिरी पडलेली दिसते. ती मेलेली नसते, थंडीमुळे वाढ थांबवून बसलेली असते. महाराष्ट्रातले घरगुती लॉन बहुधा हरळीच्या एखाद्या निवडक जातीचे किंवा ‘कोरियन’ नावाने मिळणाऱ्या गवताचे असते. ही दोन्ही उष्ण हवामानातली गवते असून २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात ती जोमाने वाढतात. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. जमिनीखालच्या काड्यांतून ती पुन्हा पुन्हा फुटते म्हणून शेतकरी तिला वैतागतो. लॉनचा सारा भरवसा मात्र त्याच चिवटपणावर असतो.

मशागतीची वेळ दिनदर्शिकेपेक्षा गवतच नीट सांगते. रात्रीचा गारठा कमी होऊन बुंध्याशी हिरवे कोंब दिसू लागले, की काम सुरू करावे. देशावर ही वेळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत येते. कोकणात गवत क्वचितच पूर्ण थांबते, त्यामुळे तिथे थोडे आधी सुरू केले तरी चालते.

पहिले काम कापणीचे. वाळलेला थर निघावा म्हणून या एका वेळी गवत नेहमीपेक्षा खाली, दीड-दोन सेंटिमीटरवर कापतात. पाती धारदार हवीत. बोथट पात्यांनी शेंडे कापले न जाता फाटतात आणि वाळतात. मग लोखंडी दाताळ्याने आडवे-उभे ओढून जुन्या खोडा-मुळांचा गुंता सैल करून काढावा. हा थर सव्वा सेंटिमीटरपर्यंत असला तर मातीचा ओलावा टिकवतो. त्याहून जाड झाला, की पाणी वरच्या वर अडते आणि मुळे मातीत न उतरता त्या थरातच पसरतात.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेच बहुतेक घरी राहून जाते. काळी चिकण माती पायांखाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. अशा जमिनीत खत आणि पाणी कितीही ओतले तरी उपयोग होत नाही. माती ओलसर असताना, पण चिखल नसताना, बागकामाचा दातेरी काटा ८ ते १० सेंटिमीटर खोल रोवून किंचित हलवावा. छिद्रे १०-१५ सेंटिमीटर अंतरावर असावीत. नंतर चाळलेली पोयटा माती, जाडसर वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण पसरून झाडूने छिद्रांत लोटावे. थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. पात्यांचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत. कच्चे शेणखत टाळावे, कारण त्यातून तणांचे बी आणि हुमणीच्या अळ्या येतात.

उघड्या पडलेल्या जागी दाट भागातल्या मुळ्या फुटलेल्या काड्या ७-८ सेंटिमीटर अंतराने लावल्या, की उन्हाळ्यापूर्वी जागा भरू लागते. झाडाच्या दाट सावलीत मात्र हरळी टिकत नाही. तिथे सावलीत वाढणारी दुसरी झाडे लावणे शहाणपणाचे. लव्हाळ्याचे पान उपटून काहीच साधत नाही, गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. म्हणून माती ओली असताना खुरप्याने गाठीसकट काढावा.

खताची पाळी नवी पालवी नीट दिसू लागल्यावर येते. १० चौरस मीटरला १०० ग्रॅम युरिया पुरेसा होतो. तो कोरड्या वाळूत मिसळून, पाती कोरडी असताना सारखा पसरावा आणि लगेच पाणी द्यावे; नाहीतर पाने करपतात. थंड प्रदेशातल्या पुस्तकांत वसंतात लॉनवर चुना टाकण्याचा सल्ला असतो. तो आम्लधर्मी मातीसाठी आहे. देशावरच्या काळ्या जमिनी बहुधा मुळातच चुनखडीच्या आणि विम्लधर्मी, तिथे चुन्याने नुकसानच होते. अशा मातीत नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर लोहाची कमतरता समजावी. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस मिसळून संध्याकाळी फवारावी. ती फरशीवर पडल्यास गंजासारखे डाग पडतात, हे ध्यानात ठेवावे.

पाणी रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात गवत आधी सुकते. आठवड्यातून दोनदा, सकाळी, माती बोटभर खोल भिजेल असे द्यावे. पाती निळसर-करडी दिसली किंवा चालल्यावर पावलांचे ठसे उठून राहिले, की पाण्याची वेळ झाली. मार्चमध्ये आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर पाणी लागते. ५० चौरस मीटरच्या लॉनला हाच हिशेब १,२५० लिटरवर जातो आणि मे महिन्यात त्याहून वाढतो. टंचाईच्या प्रदेशात एवढे पाणी पिण्याच्या साठ्यातून घेणे योग्य नाही. उपलब्ध सांडपाणी किंवा साठवलेले पाणी जेवढ्या जागेला पुरेल तेवढीच हिरवळ राखावी, बाकी जागेत कमी पाण्याची झुडपे लावावीत.

यानंतरच्या कापण्यांत एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये. उन्हाळ्यात उंची चार सेंटिमीटरच्या आसपास ठेवली, तर गवताचीच सावली मातीवर पडते आणि ओल जास्त दिवस टिकते.