गेलेली माणसे आणि उतरणारे नगर

ग्रीसमधल्या थेस्सलनीका या बंदराच्या शहरात इसवी सन ५०च्या सुमारास काही घरांना एका काळजीने घेरले होते. येशू ख्रिस्त लवकरच परत येणार, अशी तिथल्या नव्या ख्रिस्ती मंडळीची खात्री होती. पण तो येण्याआधीच त्यांच्यातली काही माणसे वारली. आता त्यांचे काय? त्या दिवसाला ती कायमची मुकली का? प्रेषित पौलाने त्यांना पत्र लिहिले. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनात या पत्राची गणना होते. त्यात सोन्याचे रस्ते नाहीत, मोत्यांच्या वेशी नाहीत. गेलेले आधी उठतील, मग मागे राहिलेले त्यांना मिळतील आणि सगळे मिळून प्रभूजवळ राहतील, एवढाच दिलासा आहे.

ख्रिस्ती स्वर्गकल्पनेचा इतिहास इथपासून वाचत आले, की एक गोष्ट सतत जाणवते. जिथे जिथे या कल्पनेने नवे वळण घेतले, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी नुकतेच गेलेले असते.

ढगांवर बसलेले, पांढऱ्या झग्यातले, वीणा वाजवणारे आत्मे हे चित्र सगळ्यांच्या परिचयाचे आहे. त्यातल्या वीणा आणि पांढरी वस्त्रे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातूनच आली आहेत. पण चर्चचा अधिकृत विश्वास या चित्रात मावत नाही. ३२५ साली नायसिया येथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदांतून जो मतांगीकार घडला, तो आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हटला जातो. त्याचा शेवट मृतांच्या पुनरुत्थानाने आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाने होतो. म्हणजे मेल्यावर आत्मा देवाजवळ जातो हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा असा, की एके दिवशी माणूस देहासकट उठेल आणि सृष्टीही नवी होईल. पौलाने करिंथकरांना हे समजावताना बियाण्याचा दाखला दिला: पेरतो ते एक, उगवते ते वेगळेच, तरी रोप त्याच बियाण्याचे असते. शुभवर्तमानांत पुनरुत्थित येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, हातांवरचे व्रण दाखवतो. येणाऱ्या जीवनाचा नमुना म्हणून ख्रिस्ती माणूस याच देहाकडे पाहतो.

हे जीवन कुठे असेल? एजियन समुद्रातल्या पात्म बेटावर योहान नावाच्या द्रष्ट्याला पहिल्या शतकाच्या अखेरीस जे दर्शन झाले, ते ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात आहे. त्यातल्या नव्या यरुशलेमची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी सुमारे २,२०० किलोमीटर. मुंबई ते कोलकाता या हवाई अंतराहूनही एक बाजू मोठी! इतके उंच नगर कुणी बांधू शकेल का, हा प्रश्न तिथे लागू पडत नाही. शलमोनाच्या मंदिराचा सर्वांत आतला, परमपवित्र गाभाराही तिन्ही बाजूंनी सारखाच, वीस हातांचा होता. त्यात फक्त प्रमुख याजकाला प्रवेश असे. योहान सांगतो, की आता आख्खे नगरच तो गाभारा आहे. म्हणूनच त्याच्या नगरात मंदिर नाही. यरुशलेमचे खरे मंदिर रोमनांनी ७० साली उद्ध्वस्त केलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ओळींमागची वेदना कळते.

या नगराच्या बारा वेशी कधी बंद होत नाहीत. मधून नदी वाहते, काठच्या झाडाला दर महिन्याला फळ येते आणि त्याची पाने राष्ट्रांच्या जखमा भरून काढतात. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दिशेची आहे. या दर्शनात माणसे वर निघून जात नाहीत; नगर खाली, पृथ्वीवर उतरते. ब्रिटिश अभ्यासक एन. टी. राइट यांनी ‘सरप्राइज्ड बाय होप’ या पुस्तकात गेल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना याच विसरलेल्या अर्ध्या भागाची आठवण करून दिली. त्यांचा आग्रह रास्त आहे. पृथ्वी टाकून द्यायची नसेल, तर तिच्यावरचा अन्याय, तिची नासाडी यांकडेही पाठ फिरवता येत नाही.

देह उठणार म्हटल्यावर प्रश्नांची रीघ लागते. हिप्पोचे, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबाचे बिशप ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात ते एकेक करून घेतले. कापलेली नखे आणि केस परत येतील का? दुष्काळात माणसानेच ज्याचे मांस खाल्ले, त्याचा देह कुणाचा? तान्हेपणी गेलेले बाळ कोणत्या वयाचे होऊन उठेल? बाळे भर तारुण्याला पोचलेली असतील, स्त्रिया स्त्रियाच राहतील, असे ते लिहितात. हुतात्म्यांच्या व्रणांविषयीचे त्यांचे उत्तर तर विसरता येणार नाही. तुटलेले अवयव परत मिळतील, पण जखमांच्या खुणा कदाचित दिसत राहतील आणि त्या विद्रूप वाटणार नाहीत, शोभतील. ४१० साली रोम लुटले गेल्यानंतरच्या वर्षांत हा ग्रंथ लिहिला गेला. त्यांच्या वाचकांना प्रेते नुसती ऐकून माहीत नव्हती.

पण उठण्याचा दिवस उजाडेपर्यंत गेलेले माणूस कुठे असते? चौदाव्या शतकात या प्रश्नाने खुद्द पोपलाच अडचणीत आणले. १३३१ साली सर्व संतांच्या सणाला, १ नोव्हेंबरला, आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंमध्ये पोप बाविसावे जॉन यांनी प्रवचन केले. वय ऐंशीच्या पुढे. संतांचे आत्मेसुद्धा अंतिम न्यायापर्यंत देवाला समोरासमोर पाहत नाहीत, तोवर ते ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सावलीत विसावतात, असे त्यांनी मांडले. युरोपभर खळबळ उडाली. ज्या संतांच्या मध्यस्थीवर लोक रोज भिस्त ठेवत होते, ते देवासमोर नाहीतच? थॉमस वॉलिस या इंग्लिश डॉमिनिकन संन्याशाने आव्हिन्योंमध्येच उलट प्रवचन केले आणि तो तुरुंगात गेला. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप मध्ये पडला, पॅरिसच्या पंडितांनी पोपविरुद्ध मत दिले, म्युनिकहून तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकमने त्यांना पाखंडी ठरवले. ३ डिसेंबर १३३४ रोजी मरणशय्येवर पोपनी कार्डिनलांसमोर आपले मत मागे घेतले आणि दुसऱ्या दिवशी प्राण सोडला. त्यांच्या मागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ रोजी वादावर पडदा टाकला: ज्यांची शुद्धी पूर्ण झाली आहे, ते आत्मे पुनरुत्थानाची वाट न पाहता आत्ताच देवाचे दर्शन घेतात.

कॅथलिकांची आजची शिकवण हीच आहे. वसईत, गोव्यात, मुंबईत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत फुलांनी सजवलेल्या कबरी आणि मेणबत्त्या दिसतात, त्यामागे ही शिकवण आहे: शुद्धीच्या वाटेवर असलेल्यांना जिवंतांची प्रार्थना पोचते. प्रोटेस्टंटांनी शुद्धीची ही मधली अवस्था नाकारली. ऑर्थोडॉक्स चर्च मृतांसाठी प्रार्थना करते, पण कॅथलिकांची व्याख्या मानत नाही. पुण्यात ज्यांचे विद्यापीठ आहे, ते सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट तर मानतात, की गेलेले माणूस पुनरुत्थानापर्यंत गाढ झोपेत असते.

मग आपली माणसे भेटणार का? इथे परंपरेतच दोन सूर आहेत. कार्थेजमध्ये तिसऱ्या शतकात रोगाची भयंकर साथ आली तेव्हा बिशप सिप्रियन यांनी लोकांना सांगितले, की आईबाप, भावंडे, मुले पलीकडे आपली वाट पाहत आहेत. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे निराळे. परमसुखाला देव पुरेसा आहे. स्वर्गात एकच आत्मा असता तरी तो पूर्ण सुखी असता, मित्रांची सोबत त्या सुखाला शोभा आणते इतकेच. विचार म्हणून हे निर्दोष आहे. मात्र मूल गमावलेल्या आईपुढे तो मांडणे कठीण.

मार्टिन ल्यूथर यांना हे ठाऊक असावे. १५३०च्या जूनमध्ये ते कोबर्गच्या किल्ल्यात होते. ५ जूनला वडील वारल्याची बातमी आली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १९ जूनला, त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, हान्सला, पत्र लिहिले. त्यात एक सुंदर बाग आहे. मुले सफरचंदे, पेअर, चेरी वेचतात, सोन्याचे लगाम घातलेली शिंगरे आहेत, नाच आहे, ढोल आहेत. प्रार्थना कर, अभ्यास कर, म्हणजे तुलाही तिथे येता येईल. धर्मशास्त्राच्या अवजड ग्रंथांइतकेच हे पत्र लोकांनी जपले.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १८६८ साली एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स या विशीतल्या लेखिकेची ‘द गेट्स अजार’ ही कादंबरी आली. युद्धात भाऊ गमावलेल्या नायिकेला चर्चमधली ठरीव वाक्ये बोचतात. तिच्या नात्यातली एक स्त्री तिला घरे, डोंगर, झाडे, अगदी पियानोही असलेला स्वर्ग समजावते. धर्मपंडितांनी झोड उठवली, पण पुस्तक अटलांटिकच्या दोन्ही काठांवर प्रचंड खपले. मागे राहिलेल्या बायकांसाठी आपण ते लिहिले, असे फेल्प्स यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले. त्याच देशातल्या गुलामांच्या गाण्यांत कनान ही वचनदत्त भूमी वारंवार येते. स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस लिहितात, की त्यांच्या ओठांवर कनान होते आणि मनात उत्तरेकडची मुक्त राज्ये. त्यांना पलीकडचा स्वर्ग नको होता असे नाही. फक्त त्याची सुरुवात पृथ्वीवरच व्हायला हवी होती.

हा विश्वास आजही रोजच्या व्यवहारात उतरतो. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ साली परवानगी दिली, तरी दफनाकडे कल कायम ठेवला. २०१६ साली व्हॅटिकनने स्पष्ट केले, की राख जमिनीवर, समुद्रात किंवा वाऱ्यावर सोडू नये, सहसा घरीही ठेवू नये; ती पवित्र जागी असावी. डिसेंबर २०२३मध्ये बोलोन्याच्या आर्चबिशपांच्या प्रश्नावर थोडी सवलत मिळाली: अनेकांच्या राखेसाठी एक सामाईक पवित्र जागा चालेल, मात्र प्रत्येकाचे नाव तिथे नोंदलेले हवे. राखेतून देह कसा उठेल, या शंकेलाही त्या उत्तरात जागा आहे. उठणारा देह त्याच कणांचा असण्याची गरज नाही, पण माणूस तेच असेल.