कोलेस्टेरॉलवर लस : आशा उद्याची, गोळी आजची

गोवर, पोलिओ, धनुर्वात यांच्या लसी घरोघरी पोहोचल्या. आता हृदयविकारावरही लस आली, असा निरोप मोबाइलवर फिरतो आणि घरातले अब्बा किंवा खाला रोजच्या गोळीला कंटाळा करू लागतात. ‘वर्षाला दोन सुया पुरतात म्हणे!’ असे आम्हाला पालकसभेतही ऐकायला मिळते. म्हणून यातले खरे किती ते पाहू या.

रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, यकृत उचलून घेते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू हमाल बसलेले असतात. हमाल एलडीएल आत पोहोचवतो आणि पुन्हा कामावर हजर होतो. पण पीसीएसके-९ नावाचे प्रथिन या हमालांनाच संपवते. हमाल घटले की एलडीएल रक्तात साचते, रोहिणीच्या भिंतीत मुरते आणि रोहिणी अरुंद, कठीण होत जाते.

या प्रथिनाचे महत्त्व २००६ साली अमेरिकेत स्पष्ट झाले. काही कृष्णवर्णीय लोकांत त्याच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी होती. त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. मग या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शने २०१५ पासून बाजारात आली. त्यांत तयार प्रतिपिंडे असतात व ती दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यावी लागतात. पुढे सहा महिन्यांनी घ्यायचे इन्क्लिसिरानही आले. निरोपातल्या ‘दोन सुया’ त्या ह्याच. पण ही लस नव्हे, औषध आहे. ते यकृतात हे प्रथिन तयारच होऊ देत नाही.

खरी लस शरीरालाच पीसीएसके-९ विरुद्ध प्रतिपिंडे बनवायला शिकवते. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे तयार झालेल्या लसीने उंदरांचे कोलेस्टेरॉल ५३ टक्के आणि रोहिण्यांचे नुकसान ६४ टक्के घटवले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत ७२ निरोगी स्वयंसेवक होते. तिथे एलडीएलची सरासरी घट जेमतेम ७ टक्के भरली. शिवाय गोळी त्रासली तर थांबवता येते, लसीने जागवलेली प्रतिपिंडे लगेच थांबवता येत नाहीत. म्हणून पुढच्या चाचण्या सावकाशच होणार.

तोवर स्टॅटिनची गोळी स्वस्त आहे, पारखलेली आहे. डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नका. इंजेक्शन हवे असेल तर तेही त्यांनाच विचारा. घरात कुणाला पंचावन्नच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर भावंडांची आणि मुलांचीही रक्ततपासणी करून घ्या. चढे कोलेस्टेरॉल वारशानेही येते आणि ते चढल्याचे अंगाला कळत नाही.