पेंढीतले पचते किती?

आमचा हमाल पगारपत्रकावरच्या आकड्याने फसत नाही; कापून हाती काय पडते ते विचारतो. गुरालाही दावणीत पडलेल्या कडब्यातले पचेल तेवढेच लाभते.

1964 साली सी. एस. एच.-1 ही पहिली संकरित ज्वारी आली. धान्य वाढले, पण ताट बुटके राहिले. रब्बीत नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही, त्याला कडबा हेही एक कारण.

ताटातले लिग्निन हे लाकडासारखे द्रव्य पचन अडवते. 1978 साली अमेरिकेत पानाची मधली शीर तपकिरी असलेल्या ज्वारीची नोंद झाली. तिच्यात लिग्निन कमी आढळले. मात्र ते फार घटले, तर ताट लोळण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही गुण तोलूनच निवड करावी लागते.

हैदराबादच्या कडबाबाजाराच्या अभ्यासात पचनीयतेच्या सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाने भाव पाव हिश्शाने चढलेला दिसला. व्यापाऱ्याची नजर हे जाणते. बियाण्याच्या शिफारशीतही ते यावे. एकरी क्विंटलांच्या शेजारी कडब्याची पचनीयता छापा, एवढी मागणी आपण परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे करू या. दुधाची वाटी त्या आकड्यावर अवलंबून आहे.