हृदयाची पट्टी आणि उलट्या तारा

छातीत कळ आली म्हणून खंडाळ्यातल्या दवाखान्यात माणसाला नेले, की आधी त्याची पट्टी काढतात. पट्टी म्हणजे ई. सी. जी., हृदयाचा आलेख. रोग्याला इथेच ठेवायचे, खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला न्यायचे की पुण्याला, हे ठरवताना डॉक्टर ही पट्टी पाहतात. यंत्र चांगले असूनही तिच्यात चूक शिरू शकते, कारण तारा लावणारा हात माणसाचाच असतो आणि वेळ घाईची असते.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अगदी सूक्ष्म वीज खेळते. तिचा मुख्य ओघ उजव्या खांद्याकडून डावीकडे, खालच्या बाजूला असतो. हॉलंडमधील आइंटहोव्हेन यांनी ती टिपणारा गॅल्व्हनोमीटर बनवला आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी रोग्याचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवीत. आज त्या भांड्यांची जागा चिमट्यांनी घेतली आहे. आपल्याकडील बहुतेक यंत्रांवर लाल चिमटा उजव्या हाताचा, पिवळा डाव्या हाताचा, हिरवा डाव्या पायाचा आणि काळा उजव्या पायाचा.

आता लाल आणि पिवळा यांची अदलाबदल झाली तर? सेलच्या तारा उलट जोडल्या की काटा उलट सरकतो, हे शिक्षकांनी वर्गात दाखवलेलेच असते. इथेही तेच होते. ‘लीड १’मधल्या, एरवी वर जाणाऱ्या लाटा खाली जातात, ‘ए. व्ही. आर.’मधल्या, एरवी खाली जाणाऱ्या, वर येतात. क्वचित एखाद्याचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते, त्याचीही पट्टी अशी दिसते. मग फरक कसा ओळखायचा? छातीवरच्या सहा नोंदी पाहाव्यात. पहिलीपासून पुढे उंच लाट नेहमीप्रमाणे वाढत गेली, तर बहुधा तारा चुकल्या. ती लहान होत गेली, तर हृदय उजवीकडे असण्याचा संभव. उजवा हात आणि उजवा पाय यांच्या तारा बदलल्या, तर ‘लीड २’ जवळजवळ सपाट रेघ होते.

छातीवर चूक होते ती जागेची. पहिल्या दोन खुणा चौथ्या फासळीखाली, मधल्या हाडाच्या दोन बाजूंना हव्यात. त्या वर सरकल्या, की निरोगी माणसालाही पूर्वी झटका येऊन गेल्याचा भास होतो.

शंका आली तर तारा तपासून पट्टी पुन्हा काढावी. काही मिनिटांचेच काम. मात्र निर्णय डॉक्टरांचा. पट्टी चुकली असेल असे म्हणून घरच्यांनी रोग्याला थांबवून ठेवू नये. त्यांनी एक करावे: जुनी पट्टी जपून ठेवावी आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्यावी. हा कागद उन्हाने, उष्णतेने पुसट होतो, म्हणून त्याची झेरॉक्स काढून ठेवावी. नवी पट्टी जुनीशेजारी ठेवली, की खरा बदल कोणता आणि तारांचा घोटाळा कोणता, हे डॉक्टरांना लवकर उमगते.