कुरणं शाबूत, माशी बेपत्ता

रॉबिन थॉर्प यांच्या नोंदींतला एक रकाना माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. १९९८मध्ये ९४. मग २०, ९, १. २००२मध्ये पुन्हा २०. जरा हायसं वाटावं, तोच ३. पुढची दोन वर्षं शून्य. ९ ऑगस्ट २००६ रोजी ओरेगनमधल्या माउंट ॲशलंडवर एकच कामकरी माशी दिसली. त्यानंतर फ्रँकलिनची बंबलबी कुणालाही दिसलेली नाही.

थॉर्प हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले निवृत्त कीटकशास्त्रज्ञ. काळ्या चेहऱ्याच्या, पाठीवर पिवळ्या केसांचा उलटा ‘यू’ मिरवणाऱ्या या माशीसाठी ते वर्षानुवर्षं जाळी घेऊन डोंगर चढत राहिले. दक्षिण ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियातला उभा सुमारे तीनशे किलोमीटरचा अरुंद पट्टा, एवढाच तिचा मुलूख. तिच्या गरजाही मोजक्या. वसाहत एकाच हंगामाची, म्हणून वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत ल्युपिन, पॉपी अशी एकामागून एक फुलं हवीत. घरट्याला उंदरांनी सोडलेलं बीळ आणि राणीच्या शीतनिद्रेला न उकरलेली जमीन. ॲशलंडच्या कुरणांत हे सारं होतं, आजही आहे. मग माशी गेली कुठे?

थॉर्प यांनी बोट दाखवलं ते टोमॅटोकडे. टोमॅटोच्या फुलातला पराग सहजासहजी सुटत नाही. बंबलबी फूल जबड्यात धरते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि पराग तिच्या पोटावर सांडतो. बेल्जियमचे पशुवैद्य रोलंड द योंघे यांनी १९८५च्या सुमारास यातला धंदा ओळखला. हरितगृहांसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून वसाहती विकल्या जाऊ लागल्या. १९९२ ते १९९४ या काळात अमेरिकी राण्या युरोपात नेऊन तिथे वाढवलेल्या वसाहती परत आणल्या गेल्या. त्यांच्यासोबत ‘नोसेमा बॉम्बी’ या आतड्यातल्या परजीवीचा परका वाण आला आणि तो रानात पसरला, असा थॉर्प यांचा आरोप होता. फ्रँकलिनच्या बंबलबीच्या तीन जवळच्या अमेरिकी बहिणीही त्याच सुमारास ओसरल्या होत्या.

२०१६मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या सिडनी कॅमरन आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयांत टाचणीला टोचलेल्या जुन्या माश्यांमधला डीएनए तपासला. परका वाण सापडला नाही. नोसेमा १९८०च्या दशकातही अमेरिकेत होताच. थॉर्प यांचे टीकाकार इथेच थांबतात. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की, घटत चाललेल्या जातींमध्ये संसर्ग नव्वदीच्या मध्यापासून वाढला, नेमका पाळीव वसाहतींत नोसेमाची साथ उसळली तेव्हा. कार्यकारणभाव यानं सिद्ध होत नाही. तरी माझ्या मते, परदेशी आरोपी सुटला म्हणून खोकी निर्दोष ठरत नाहीत.

थॉर्प आणि कीटकांच्या संवर्धनासाठी काम करणारी झर्सीस सोसायटी यांनी २०१०मध्ये अमेरिकी सरकारकडे माशीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. थॉर्प २०१९मध्ये गेले. माशी संकटग्रस्तांच्या यादीत आली २०२१मध्ये. यादीत घेताना सरकारनं तिच्यासाठी राखीव अधिवास मात्र जाहीर केला नाही, कारण अधिवासाचा ऱ्हास हा मुख्य धोकाच नव्हता. हे तर्कशुद्ध आहे आणि म्हणूनच अडचणीचं. कुरणाला कुंपण घालता येतं, त्याचा फलक लावता येतो. रोगाला कुंपण नसतं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या इम्पेशन्स या बंबलबीच्या जातीची खोकी ओरेगननं राज्यात येऊ दिली नाहीत, हा शहाणपणा. बाकी ठिकाणी प्रत्येक वसाहत निघण्यापूर्वी तपासायची, तर टोमॅटो थोडा महागेल. महागू दे.